कमानीवर ‘हस्तकला’ लिहिलंय ना? मग हाताने केलेलं दाखवा!

पाऊस ओसरला, दिवाळी तोंडावर आली की मुंबईत मेळ्यांचा हंगाम सुरू होतो, तो थेट मार्चपर्यंत. दादर, पार्ले, बोरिवली, मुलुंड, पलीकडे ठाणे; शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या मैदानावर कमान उभी असते. ‘हस्तकला व खाद्य महोत्सव’, ‘थेट कारागिरांकडून’, ‘अस्सल गावरान चव’. आत गेलं की ओळीने तोच माल. सुरतेचं यंत्रमागावरचं कापड, छापील वारली, रेक्झिनच्या ‘कोल्हापुरी’. आणि कारागीर? असलाच एखादा तर सगळ्यात मागच्या रांगेत, जनरेटरच्या धुरात. तिकीट काढून, लोकलमधून पोरंबाळं, म्हातारी माणसं घेऊन लोक येतात ते हे बघायला?

यंत्रमागाशी भांडण नाही. सोलापुरी चादर यंत्रमागावरच निघते, तिला भौगोलिक मानांकन आहे (म्हणजे ते नाव त्या भागातल्याच मालाला लावता येतं), आणि पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी ती वापरली जाते. तिथे कुणी कुणाला फसवत नाही. डोकं फिरतं ते यंत्राच्या मालावर ‘हातमाग’ची चिठ्ठी लावून तिप्पट भाव घेतला जातो तेव्हा. गिऱ्हाईक तर फसतंच, पण शेजारच्या स्टॉलवर खरा हातमागाचा माल घेऊन बसलेल्या विणकराला दिवसभर एकच ऐकून घ्यावं लागतं: “पलीकडे तर दीड हजारात देतायत, तुम्ही एवढे का लावता?”

पैठणीचंच घ्या. दोन-अडीच हजारांत ‘प्युअर सिल्क हातमाग पैठणी’ म्हणून जी विकतात, तिच्या नुसत्या रेशमाचाच खर्च त्याच्या आसपास जातो. मग विणणाऱ्याने महिनोन्‌महिने काय फुकट विणलं? पदर उलटा करून बघा, एवढं पुरे. हातमागाच्या पैठणीत मोर, मुनिया, आसावली विणताना प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते आणि जिथे एक रंग संपतो तिथे दुसऱ्या रंगाचा धागा त्यात अडकवून घेतात. म्हणून पदर उलटीकडूनही जवळजवळ सुलटीसारखाच स्वच्छ दिसतो. जॅकार्ड यंत्रमागावर काढलेल्या साडीत धागे एका नक्षीपासून दुसऱ्या नक्षीपर्यंत मागून लोंबत जातात; ते एकतर तसेच राहतात, अंगठीत-बांगडीत अडकतात, नाहीतर कापून टाकलेले असतात आणि हाताला खरखरीत लागतात. विक्रेता पदर उलटा करू देत नसेल, ‘घडी मोडेल’ म्हणत असेल, तर तिथून सरळ निघायचं. रेशमाबद्दल शंका असेल तर पदराच्या गोंड्यातला एक धागा मागून घ्या आणि मेळ्याच्या बाहेर येऊन जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. व्हिस्कोसला, म्हणजे कृत्रिम रेशमाला, जळक्या कागदाचा वास येतो. हातमागाची खात्री देणारी हँडलूम मार्कची चिठ्ठी २००६ पासून आहे, खऱ्या रेशमाची सिल्क मार्क त्याच्याही आधीपासून. तरी मेळ्याला स्टॉल देताना ही चिठ्ठी कुणी विचारत नाही.

आणि तो उजेड! मांडवात वरून पिवळे नाहीतर निळसर झगझगीत दिवे. त्यात मोरपंखी आणि बाटली-हिरवा वेगळा ओळखू येत नाही. साडी घेऊन बाहेर उन्हात जायचं म्हटलं की विक्रेत्याचा चेहरा उतरतो, त्याचंही चूक नाही, कारण माल घेऊन पळणारेही असतात. पण एका कडेला चार फूट जागा मोकळी ठेवून वरचं कापड काढलं तर दिवसा तरी रंग खरा दिसेल. एवढं कुणाला सुचत नाही? सुचतं. पण ती चार फूट जागा भाड्याने जाते ना.

वारलीचा तर पार बाजार मांडलाय. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्यांनी अभिमानाने सांगितलं की ही आपल्या पालघर-डहाणूकडची कला. आता त्याच कलेचे त्रिकोणी माणसांचे छाप गठ्ठ्याने मागवायचे आणि कापडी पिशवीवर, कपावर, किचेनवर मारून ‘आदिवासी महिलांनी रंगवलेलं’ म्हणून विकायचं. एकाच नक्षीच्या दोन पिशव्या शेजारी ठेवा. तारपा वाजवणाऱ्याभोवतीच्या नाचात डावीकडून तिसऱ्या माणसाचा हात मनगटाशी तुटलाय? दुसऱ्या पिशवीवरही तिसऱ्याच माणसाचा, तिथेच तुटलेला असेल. तो छाप आहे. हाताने काढलेल्या चित्रात एकही माणूस दुसऱ्यासारखा नसतो; बांबूची काडी टेकते तिथे पांढरा रंग जाड बसतो आणि ओढत नेताना बारीक होत जातो. छापात रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच. भिंतीवरचा तांदळाचा पांढरा सोडून कापडावर ॲक्रिलिक वापरलं तर कुणाची हरकत नाही, कापड धुवावं लागतं. पण रंगवणारी बाई नसतानाच तिचा फोटो स्टॉलवर टांगायचा, याला सरळ चोरी म्हणतात.

कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात येतात. २०२५ मध्ये इटलीतल्या एका बड्या ब्रँडने मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला आणल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण सगळे पेटलो होतो. बरोबरच होतं ते. मग आपल्याच मैदानात रेक्झिनचा वरचा पट्टा आणि खाली रबराचा तळ गोंदाने चिकटवून ‘ओरिजिनल कोल्हापुरी’ चारशेला विकतात तेव्हा तो राग कुठे जातो? तळव्याची कड बघा. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेल्या कातड्याच्या कडेला तंतू दिसतात, थर दिसतात. नकली मालात मध्ये फोमची पांढरी रेघ दिसते. खऱ्या चपलेची शिलाई कातड्याच्या वादीची असते, लोखंडी खिळा नसतो. नाकाजवळ धरली तर कातड्याचा वास येतो. गोंदाचा उग्र वास आला तर ती चप्पल पहिल्याच पावसात उकलणार. खरी कोल्हापुरीही पावसात घालायचीच नसते, हे सांगणारा विक्रेता भेटला तर समजा माणूस सरळ आहे.

हे सगळं असं का होतं? भाड्यामुळे. समजा तीन दिवसांचं भाडं पंधरा हजार. टेम्पो, राहणं, जेवण धरून आणखी नऊ. चोवीस हजार झाले. हाताने रंगवलेल्या एका नगात सामान वजा जाता चारशे सुटत असतील, तर साठ नग विकले जाईपर्यंत कारागिराच्या हातात दमडी येत नाही. एका नगाला अर्धा दिवस धरला तरी ते साठ नग म्हणजे महिन्याभराची मेहनत. छापील माल विकणाऱ्याला चाळीस रुपयांचा नग साडेतीनशेला विकायचा असतो, त्याचे ऐंशी नग एका गोणीत येतात आणि संपले की रात्रीत दुसरी गोणी येते. एकाच भाड्याने दोघांना स्टॉल दिले की दुसऱ्या वर्षी कोण परत येणार हे ठरलेलंच असतं. कोपऱ्याचा, दोन बाजूंनी उघडा स्टॉल म्हणजे वर आणखी जादा पैसे; तो कुणाला परवडतो, सांगायला नको. आयोजकांना हे कळत नाही असं नाही. अर्जासोबत अर्धवट झालेला नग मागवा, माग किंवा अवजारं आणायला लावा, करणाऱ्याला भाडं निम्मं आणि विकणाऱ्याला दुप्पट लावा. एका हंगामात गर्दी बदलेल.

आता खाण्याकडे या. तिथे तर पैसे देऊन आजार विकत घ्यायचा प्रकार आहे.

दोन शेगड्यांवर पंधरा पदार्थांची पाटी लावलेली दिसली की पुढे जायचं. थालीपीठ नीट व्हायचं तर तवा तापलेला, मध्ये भोक, कडेने तेल, वर झाकण, मग उलटून दुसरी बाजू. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं हवीतच. म्हणजे एका तव्यावर तासाला दहा थालीपिठं, दोन तव्यांवर वीस. रविवारी संध्याकाळी साठ माणसं रांगेत. मग काय करतात? दुपारीच अर्धकच्ची भाजून एकावर एक रचतात आणि मागितलं की फडाफडा गरम करून देतात. मधलं पीठ कच्चं, कडा चिवट, वर लोण्याचा गोळा. कोंबडी-वड्यांचीही तीच गत. पीठ भिजवून तीन-चार तास झाकून ठेवलं, गरम तेलात एकेक सोडला तर वडा टम्म फुगतो. सकाळी तळून फॉइलच्या डब्यात कोंबले की स्वतःच्याच वाफेने चामड होतात, आणि मग त्याच तेलात पुन्हा तळतात. ते तेल तरी बघा: काळं, दाट, फेस येतो तो बसत नाही, कढई नीट तापायच्या आधीच धूर. तेल पुन्हापुन्हा तापवलं की त्यात जी ध्रुवीय संयुगं तयार होतात, ती एकूण २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. मेळ्यात ते कोण मोजतं?

सोलकढी भडक गुलाबी दिसली की समजावं, त्यात बीट नाहीतर रंग आहे. आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, कढी फिकी, किंचित जांभळट असते. नारळाचं दूध बर्फावर ठेवलं नाही तर मुंबईच्या उकाड्यात दोन-तीन तासांत त्याचा वास बदलतो. सकाळी आणलेली बरणी रात्री नऊपर्यंत टेबलावर उघडी, आणि पेला साठ रुपये! वर भजी वर्तमानपत्रात बांधून हातात. छापील शाई तेलात उतरते म्हणून यालाही बंदी आहे. खाद्यपदार्थ विकायच्या परवान्याचा चौदा आकडी नंबर दर्शनी लावायचा असतो, तो निम्म्या ठिकाणी पाटीमागे किंवा नाहीच. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे घरगुती लाल सिलिंडर मांडवाच्या कापडाला टेकून. धंद्याला १९ किलोचा निळा सिलिंडर हवा, तो मांडवाबाहेर हवा, वाळूची बादली आणि अग्निशामक नळकांडं हाताशी हवं. एक ठिणगी पडली तर हजार माणसं दोन अरुंद दारांतून बाहेर कशी पडणार?

कूपन हा तर उघड दरोडा आहे. आधी पाचशेची वही घ्या. थाळी एकशेऐंशी, वडे एकशेचाळीस, मोदक एकशेचाळीस, उरले चाळीस. सोलकढी साठची. म्हणजे आणखी वही घ्या, नाहीतर चाळीस सोडा. मागे बारीक अक्षरांत ‘कूपन परत घेतले जाणार नाहीत’. का नाही घेणार? ते पैसे आमचे आहेत! रोखीला सुट्टे नाहीत, आणि गर्दीत नेटवर्क बसलं की क्यूआरवर पैसे कापले जातात पण विक्रेत्याचा डबा बोलत नाही. मग दोघं एकमेकांवर ओरडत बसतात, मागची रांग वाढत जाते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवायची सूचना स्टॉलवाल्यांना आधीच देता येत नाही?

बसायला जागा नाही, पिण्याचं पाणी नाही पण वीस रुपयांची बाटली आहे, गालिचाच्या घड्यांत आजीबाई अडखळतायत, आणि स्टेजवरचा भोंगा थेट स्टॉलांच्या तोंडावर. बचतगटाच्या ताईंना भाव सांगायला घसा फोडावा लागतो. समुद्राकडून दमट वारा सुटला की त्यांचे उघडे ठेवलेले पोह्याचे पापड तासाभरात सादळतात. झाकणाचे डबे ठेवायला टेबलाखाली जागा असते, तिथे आयोजकांच्या वायरी.

आणि गिऱ्हाइकांनो, तुम्हीही ऐकून घ्या. कॉफीला तीनशे मोजताना तोंडातून शब्द निघत नाही, आणि त्याच ताईंशी पाव किलो मेतकुटावर वीस रुपयांसाठी हुज्जत घालता. ते मेतकूट जात्यावर जाण्याआधी डाळी, तांदूळ, गहू वेगवेगळे, मंद आचेवर भाजावे लागतात. एक घाणा करपला की अख्खं कडू होतं. परवडत नसेल तर शंभर ग्रॅम घ्या. पण भाव पाडू नका. स्टॉलसमोर उभं राहून नक्षीचे दहा फोटो काढायचे, काही न घेता निघायचं आणि तो फोटो छपाईवाल्याला पाठवायचा, हे करणारे तुमच्यातलेच आहेत. पुढच्या मेळ्यात ती नक्षी छापून येते आणि जिने ती काढली तिला स्टॉलच परवडत नाही. फोटो हवा असेल तर आधी विचारा. नाही म्हणाली तर फोन खिशात ठेवा.