लिटरला किती देते?

वय, पगार आणि गाडीचं ॲव्हरेज या तीन गोष्टी माणूस सहसा खऱ्या सांगत नाही. त्यातलं वय निदान कागदपत्रांत सापडतं, पगार बँकेला ठाऊक असतो. ॲव्हरेज मात्र सांगणाऱ्याच्या तोंडी असतं आणि ऐकणाऱ्याला ते मान्य करावंच लागतं. आमच्या शेजारच्या काकांची स्कूटर अशीच आहे. तिचं ॲव्हरेज माझ्या स्कूटरवर ठरतं. "तुझी किती देते गं?" हे ते आधी विचारून घेतात. मी चाळीस म्हटलं की त्यांची पन्नास, मी पन्नास म्हटलं की त्यांची साठ. एकदा मी मुद्दाम सत्तर सांगून पाहिलं. काकांनी क्षणभर आवंढा गिळला आणि म्हणाले, "हं. पण हायवेला काढलीस का कधी? माझी तिथे पंच्याऐंशी देते."

तेव्हा मी ठरवलं की आपण खरं ॲव्हरेज काढायचं, आणि मग ते वाढवायचं. यातलं वाढवणं त्या मानाने सोपं निघालं. काढणं कठीण.

पेट्रोलच्या काट्यावर विसंबून काही होत नाही, हे स्कूटर चालवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. चढावर तो झोपतो, उतारावर उठून बसतो, आणि टाकी निम्मी झाली की एकदम वैराग्य आल्यासारखा तळ गाठतो. खरी पद्धत एकच. टाकी फुल्ल करायची, ट्रिपमीटर शून्यावर आणायचा, गाडी वापरायची, पुन्हा फुल्ल करायची आणि गेलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. गणित पाचवीचं आहे. पण 'फुल्ल' म्हणजे किती, हा प्रश्न पाचवीचा नाही. पंपावरचा नोझल टक् करून स्वतः थांबतो ते फुल्ल, की त्यानंतर पंपावरचा मुलगा आकडा गोल करण्यासाठी आणखी दोन चुळा सोडतो ते फुल्ल? गाडी साईड स्टँडवर असली तर टाकी कलते, पेट्रोलची पातळी तिरकी होते आणि नोझल वेगळ्याच वेळी थांबतो. 160 किलोमीटरला 3.8 लिटर लागलं तर ॲव्हरेज 42. तेच 4 लिटर भरलं गेलं तर सरळ 40. म्हणजे दोनशे मिली पेट्रोल इकडचं तिकडे झालं की माझी महिन्याभराची तपश्चर्या पाण्यात.

म्हणून मी पंपावर नियम केले. तोच पंप, तोच नोझल, गाडी मेन स्टँडवर, पहिल्या टक् ला हात वर. "दादा, थांबा! बस!" असं मी इतक्या जोरात ओरडते की एकदा शेजारच्या रांगेतल्या माणसानेही भरणं थांबवलं. काठोकाठ भरायचं नाही, यालाही कारण आहे. पेट्रोल तापलं की फुगतं, साधारण दहा अंशाला एक टक्का, आणि त्याला फुगायला जागा लागते.

याच एक टक्क्यावर आमच्या एका नातेवाइकांचं सगळं अर्थशास्त्र उभं आहे. थंडगार सकाळी पेट्रोल घट्ट असतं, म्हणून ते पहाटे उठून पंपावर जातात. पंपाची टाकी जमिनीखाली पुरलेली असते आणि तिथे पहाट काय नि दुपार काय, तापमान फारसं हलत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. समजा दहा अंशांचा फरक पडलाच, तरी चार लिटरमागे चाळीस मिली, म्हणजे जेमतेम तीन मोठे चमचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तीन चमचे का होईना, सुटले ना?" मी वाद सोडला. पहाटे उठण्याचे इतर फायदे असतातच.

मोजमाप असं मार्गी लागल्यावर मी सुधारणेकडे वळले, तर पहिलं बोट माझ्याच उजव्या मनगटाकडे गेलं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 40 वरून 60 वर गेलं की तो सव्वादोन पट होतो. बरं, स्कूटरवर आपण बसतो ते कसे? पाठ ताठ, गुडघे जवळ, कोपरं बाहेर, आणि पावसाळ्यात वर फडफडणारा रेनकोट. उभं कपाट रस्त्यावरून ढकलत नेलं तर ते हवेला जसं आणि जितकं कापेल, तितकंच मी कापते. म्हणून 40 च्या आसपास एका लयीत चालवायचं, उगाच कान पिळायचा नाही, पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच ॲक्सिलरेटर सोडायचा. कारण ब्रेक दाबला की तो वेग मिळवायला जाळलेलं पेट्रोल ब्रेकच्या उष्णतेत जातं.

ऐकायला हे छान आहे. करायला गेलं की जगात आपल्याला शत्रूच शत्रू असल्याचं कळतं. मागचे हॉर्न देतात. शेजारून जाणारे वळून बघतात, आधी चेहऱ्याकडे आणि मग चाकाकडे, पंक्चर आहे की काय म्हणून. एका उतारावर दप्तर लावलेल्या सायकलवाल्या मुलाने मला ओव्हरटेक केलं आणि पुढे जाऊन "काकू, ढकलू का?" असं विचारलं. नवरा मागे बसलेला होता. तो म्हणाला, "अगं, मी उतरून पुढे होतो. तू ये मागून सावकाश."

नवरा मागे बसणं हाही या विषयातला नाजूक भाग. वजन कमी केलं की पेट्रोल कमी लागतं, विशेषतः थांबत-निघत चालणाऱ्या गर्दीत. म्हणून मी डिकी उपसली. दोन रेनकोट निघाले, त्यातला एक घरातल्या कुणाचाच नव्हता. किल्ली नसलेलं कुलूप निघालं, कुलूप नसलेल्या किल्ल्या निघाल्या, आणि जुन्या सर्व्हिसिंगची बिलं पेट्रोलचा वास लावून बसलेली. सगळं मिळून चारेक किलो भरलं. नवरा दारात उभा राहून हे बघत होता. मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, इतकंच. "हे बघ," तो म्हणाला, "डिकीतलं काढलंस ना? तिथेच थांब." त्यानंतर त्याच्यासमोर वजन हा शब्द मी काढलेला नाही. आता तो बसला की मी मनातल्या मनात आकडेमोड करते.

फरक पडला तो हवेने. टायरमधल्या. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, सुटतो, तापतो, आणि त्या तापण्याचा खर्च टाकीतून होतो. स्कूटरची चाकं आधीच लहान, 10 किंवा 12 इंचांची. ती मिनिटाला मोठ्या चाकापेक्षा कितीतरी जास्त वेळा दबतात. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत पुढे 22, मागे 29 आणि डबल सीट असेल तर मागे 36 पीएसआय लिहिलंय. हवा भरणारा मात्र पुस्तिका मानत नाही. "पस्तीस टाकतो दोन्हीत, महिनाभर बघायला नको," असं त्याचं धोरण. पुढच्या चाकात अशी कडक हवा भरली की गाडी खड्ड्यात उसळते आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडते. शिवाय दाब मोजायचा तो टायर थंड असताना. चालवून गरम झालेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो. म्हणून मी स्वतःचं पेनाएवढं गेज घेतलं. व्हॉल्व्हवर ते दाबताना एक फुस् होतं आणि मोजता मोजताच थोडी हवा जाते. मग पुन्हा मोजावं तर पुन्हा फुस्. जास्त शंकेखोर माणसाने हे गेज घेऊ नये, मोजून मोजून टायर बसेल.

दुसरी मोठी चोरी मेकॅनिकने पकडली. मी त्याच्याकडे "ॲव्हरेज कमी झालंय" अशी तक्रार घेऊन गेले होते. त्याने काही विचारलं नाही. गाडी मेन स्टँडवर लावली, इंजिन बंद, आणि मागचं चाक हाताने फिरवलं. चाकाने खर्रर्र असा आवाज करत एक फेरा मारला, दुसरा अर्धवट सोडला आणि थबकलं. "ताई, ब्रेक धरतोय," तो म्हणाला. ब्रेकच्या तारेच्या टोकाला जो नट असतो, तो त्याने पाना लावून थोडा सैल केला, ब्रेक एकदा दाबून सोडला, पुन्हा चाक फिरवलं. या वेळी खरखर नव्हती. चाक आपलं फिरतंय, फिरतंय. म्हणजे इतके महिने मी ब्रेक किंचित लावूनच गाडी चालवत होते आणि इंजिन बिचारं तक्रार न करता त्या ब्रेकशी झुंजत होतं.

मग त्याने प्लग काढला आणि तो उजेडात धरून ज्योतिषाने हात बघावा तसा बघितला. टोक काळंकुट्ट, काजळी धरलेलं असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त. पांढरं पडलं असेल तर कमी. फिकट तपकिरी असेल तर उत्तम. पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा लागते. कार्बोरेटरच्या गाडीत एअर फिल्टर तुंबला की हवा कमी पडते, पेट्रोल वाढतं आणि प्लग काळा होतो. माझा फिल्टर बघून मेकॅनिकने फक्त भुवई उचलली. "झटकून चालेल का?" मी विचारलं. तो कागदी असतो, झटकून किंवा धुऊन चालत नाही, बदलावा लागतो, हे त्याने ज्या आवाजात सांगितलं तो आवाज डॉक्टर पथ्य न पाळणाऱ्यांसाठी राखून ठेवतात.

गिअर नसलेल्या स्कूटरच्या पोटात काय चालतं, हेही त्यानेच उघडून दाखवलं. दोन पुल्या, मध्ये रबरी बेल्ट. पुढच्या पुलीत लहान गोल रोलर. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेर सरकतात, पुलीच्या दोन तबकड्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि गिअर आपोआप बदलल्यासारखा होतो. रोलर एका बाजूने झिजून चपटे झाले किंवा बेल्ट अरुंद झाला की बेल्ट पुरता वर चढत नाही, आणि इंजिन नुसतं ओरडत राहतं. मागच्या बाजूला क्लच. इंजिनाचे फेरे वाढले की तो आपला आपण पकड घेतो. चढावर सिग्नलला थांबताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर किंचित पिळून गाडी जागच्या जागी तोलून धरणारे जे वीर असतात, ते त्या क्लचला घासत असतात. गाडी एक इंचही पुढे जात नाही आणि पेट्रोल मात्र जातं. दिसायला रुबाबदार दिसतं, एवढं कबूल करायला हवं.

चमत्कारिक उपायांचं वेड मला लागलं नाही, कारण घरात ते आधीच नवऱ्याला लागलं होतं. पेट्रोलच्या नळीवर चुंबक बसवलं की पेट्रोलचे रेणू सरळ रांगेत येतात, असं त्याने कुठेसं वाचलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवणारी अशी शंभरावर साधनं तपासली आहेत आणि लक्षात घ्यावी अशी बचत त्यातून निघालेली नाही. पण घरातल्या माणसाला अमेरिकेचा दाखला पटत नाही. चुंबक आलं. सध्या ते फ्रिजवर आहे आणि तिथे मात्र चोख काम करतं.

सगळ्यात कटू सत्य शेवटी कळलं. थंड इंजिन जास्त पितं. चालू केल्यावर पहिल्या काही मिनिटांत त्याला मिश्रण दाट लागतं, तेलही घट्ट असतं. आणि आमच्या घरातल्या निम्म्या फेऱ्या इंजिन तापायच्या आत संपतात. कोपऱ्यावर जायचं, तिथून परत, मग राहिलेलं आणायला पुन्हा कोपऱ्यावर. मी फर्मान काढलं: कामं एकत्र करायची, यादी केल्याशिवाय किल्ली मिळणार नाही, कोपऱ्यावर चालत जायचं. फर्मानाचा परिणाम असा की घरातल्या सगळ्यांना कोपऱ्यावर काही काम उरलं नाही.

पण आकडा हलला. वहीत 42 च्या जागी 47 दिसायला लागलं. शंभर किलोमीटरमागे पाव लिटर पेट्रोल वाचलं! मी ते काकांना सांगितलं नाही. एक आकडा योगायोगाने येऊ शकतो, ओळीने तेच आले पाहिजेत, म्हणून पुढची टाकी होईपर्यंत दम धरला. ट्रिपमीटर 150 च्या पुढे गेला होता. काटा तळाला टेकत होता. उद्या पंपावर जायचं, मेन स्टँड, पहिला टक्.

संध्याकाळी मुलगी मैत्रिणीकडून स्कूटर घेऊन आली आणि किल्ली टेबलावर ठेवत म्हणाली, "आई, पेट्रोल भरून आणलंय. तुझं काम वाचलं."

"किती भरलं?" मी विचारलं.

"किती म्हणजे? बास म्हणेपर्यंत."

"पावती?"

"टाकली."

"बरं. किलोमीटर किती झाले होते, ते तरी बघितलंस?"

"हो," ती म्हणाली, "कसला तरी जुना आकडा दिसत होता. मी शून्य करून टाकला."