धुक्यात दुसरी फेरी

जाडजूड व्हिक्टोरियन कादंबरी पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची दया येते. दुसऱ्यांदा घेणाऱ्याने मात्र बोंब मारू नये, त्याला सगळं आधीच ठाऊक असतं. मी दुसऱ्या गटातला, आणि तरीही मारणार आहे.

डिकन्सचं 'ब्लीक हाउस'. प्रकरणं 67. सुरुवातीलाच लंडनमध्ये इतका चिखल, की होबर्न हिलवर चाळीसेक फुटी मेगॅलोसॉरस नावाचा डायनोसॉर डुलत चाललेला दिसला तरी नवल वाटू नये, असं लेखक म्हणतो. आपण सरसावून बसतो. मेगॅलोसॉरस काही येत नाही. धुकं येतं, आणि धुक्यामागून चॅन्सरी कोर्टातला मृत्युपत्राचा दावा, जो पिढ्यान्‌पिढ्या चालून शेवटी सगळी इस्टेट कोर्टखर्चातच गिळतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण एका ओळीत सांगून मोकळे होतो. डिकन्सला 19 हप्ते लागले.

खरी गोम त्या हप्त्यांतच. मार्च 1852 ते सप्टेंबर 1853, दरमहा 32 पानं, दोन चित्रं, किंमत एक शिलिंग. शेवटचा तेवढा जोडअंक. महिनाभर कामधंदा बघून परतलेला वाचक निम्मी माणसं विसरलेला असणार, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात एकेक घंटा बांधलेली. म्हातारा स्मॉलवीड बायकोला उशी फेकून मारतो आणि त्या झटक्याने स्वतःच खुर्चीत ढेपाळतो. मग त्याला गदागदा हलवून पुन्हा माणसात आणायचं. स्टेशनरीवाले स्नॅग्सबी हाताआड खोकून 'आडपडदा न ठेवता सांगायचं तर' म्हणतात आणि पुढे धड काहीच सांगत नाहीत. महिन्यातून एकदा हे गोड लागतं. आठवड्याभरात अख्खं पुस्तक रेटलं, तर तिसरी उशी आपणच उचलून डिकन्सला मारावीशी वाटते.

तेव्हा आठवड्याला एकच हप्ता: तीन-चार प्रकरणं, बस. साडेचार महिन्यांत पुस्तक संपतं. नावांसाठी मुखपृष्ठाच्या आत एक कागद ठेवावा, पण नायिका एस्थरची टोपणनावं लिहायच्या फंदात पडू नये. कागद पुरत नाही.

दुसऱ्या फेरीत आपण पक्ष बदलतो, ही आणखी एक पंचाईत. 'मिडलमार्च' कादंबरीतला पंडित कॅसॉबन पहिल्या वाचनात कधी एकदा जातो असं होतं. दुसऱ्या वेळेपर्यंत आपल्याही कपाटात टिपणांची बाडं साचलेली असतात, आणि त्याचा कधीच पुरा न होणारा पुराणकथांवरचा ग्रंथ बघून पोटात कालवतं. 29 व्या प्रकरणात त्याच्या बायकोबद्दल, म्हणजे डोरोथियाबद्दल, सुरू केलेलं वाक्य जॉर्ज एलियट बाई मध्येच तोडतात आणि विचारतात, दर वेळी डोरोथियाच का? पहिल्यांदा हा प्रश्न मी पानाबरोबर उलटून टाकला होता.

मग एवढा त्रास घ्यायचा कशाला? 'ब्लीक हाउस'च्या दहाव्या हप्त्यासाठी. प्रकरण 32, रात्रीची वेळ. स्नॅग्सबी हवा हुंगून म्हणतात, जवळच्या गुत्त्यात चॉप्स भाजताहेत वाटतं, आणि ते फारसे ताजे नसावेत. वरच्या खोलीत काजळी उडते, वकिलाचा कारकून गपीच्या बाहीवर बसते, आणि पुसायला जावं तर चरबीसारखी फासली जाते. पहिल्यांदा आपण हे भराभर ओलांडतो. खाली भंगारवाला क्रुक आपोआप पेटून जळून गेलाय, हे कळतं प्रकरणाच्या शेवटी. दुसऱ्यांदा ते चॉप्स पहिल्या ओळीलाच नाकात शिरतात. त्या दिवशी जेवण आधीच उरकून घ्यावं, आणि शक्यतो रविवार टाळावा.