पन्नास हजार नंबर विकत घेऊन मसाला विकला जात नाही

‘घरबसल्या महिन्याला एक लाख’ अशा मथळ्याचा एक संदेश बचत गटांच्या आणि गृहउद्योगांच्या व्हॉट्सॲप समूहांतून सध्या जोरात फिरतो आहे. साताऱ्यात गोडा मसाला, भाजणी आणि मेतकूट करून विकणाऱ्या माझ्या मावशीलाही तो आला आणि ती पैसे भरायला निघाली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशातली सूत्रे थोडक्यात अशी: पन्नास हजार मोबाइल नंबरांची यादी ९९९ रुपयांत घ्या आणि सर्वांना रोज जाहिरात पाठवा, इन्स्टाग्रामवर दहा हजार फॉलोअर विकत घ्या, नातेवाइकांकडून गूगलवर शंभर पंचतारांकित अभिप्राय लिहून घ्या, रोज शंभर रुपयांची जाहिरात चालवा म्हणजे मागण्या आपोआप येतील, आणि चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नाही, घरगुती पदार्थांना परवाना नाही, तेव्हा देशभर बिनधास्त विका.

सर्वांत घातक सूत्र पहिले आहे. ही यादी विकणाऱ्याने व्हॉट्सॲपचे स्वतःचे मदत-पान वाचलेले नाही, किंवा वाचूनही तो ते लपवतो आहे. एकच संदेश अनेकांना एकदम पाठवण्यासाठी व्हॉट्सॲपवर जी ब्रॉडकास्ट यादी करतात, तिच्यात जास्तीत जास्त २५६ जण घालता येतात, आणि तो संदेश केवळ ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणजे पन्नास हजार अनोळखी लोकांसाठी मावशीने १९६ याद्या तयार करायच्या आणि त्यांतल्या जवळजवळ कोणालाही संदेश मिळणार नाही. हे ठाऊक असल्यामुळेच यादीबरोबर एकगठ्ठा संदेश पाठवणारे एखादे सॉफ्टवेअरही गळ्यात मारले जाते. असे स्वयंचलित संदेश पाठवणे व्हॉट्सॲपच्या अटींत बसत नाही, आणि त्यांचे व्यवसायविषयक धोरण तर स्पष्टच सांगते की ज्या ग्राहकाने स्वतः नंबर दिला आहे आणि संदेश पाठवायला संमती दिली आहे, त्यालाच व्यवसायाने संपर्क करावा. अनोळखी माणसे असा संदेश आला की ‘ब्लॉक’ आणि ‘रिपोर्ट’ करतात, आणि पुरेशा तक्रारी झाल्या की खाते बंद होते. ही दूरची भीती नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनी दरमहा अहवाल प्रसिद्ध करते आणि त्यानुसार एकट्या फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतातली ७६ लाखांहून अधिक खाती बंद करण्यात आली. त्यांतली सगळीच जाहिरातबाजीमुळे बंद झाली असे मी म्हणत नाही, परंतु नियम मोडणाऱ्या खात्यावर कारवाई होत नाही हा समज त्यातून नक्कीच खोटा ठरतो.

आणि खाते बंद होणे म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईतल्या जाहिरात कंपनीला कळणार नाही, इतके ते गृहउद्योगाला झोंबते. मावशीचा तोच नंबर वेष्टनावर छापलेला आहे, त्याच नंबरवर दिवाळीच्या भाजणीच्या मागण्या येतात, तिथेच तिचा कॅटलॉग आहे आणि कोणत्या ग्राहकाला तिखट कमी लागते याच्या नोंदीही तिथल्याच संभाषणांत आहेत. वर्षानुवर्षे जोडलेली ही माणसे अनोळखी पन्नास हजारांसाठी पणाला लावायला सांगणारा माणूस उद्योजकतेचे धडे देतो आहे, याचा मला संताप येतो. शिवाय ते नंबर ज्यांचे आहेत त्यांना विचारून ही यादी बनलेली नाही. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा केला, तो अशाच व्यवहारांना आळा घालण्यासाठी.

विकतच्या फॉलोअरांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती खाती मसाला विकत घेत नाहीत, नोंदींना प्रतिसाद देत नाहीत, आणि प्रतिसाद नसलेली नोंद इन्स्टाग्राम खऱ्या लोकांनाही कमी दाखवते.

नातेवाइकांच्या शंभर अभिप्रायांचे तसेच. प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेले नसलेले किंवा हितसंबंधातून लिहिलेले अभिप्राय गूगलच्या धोरणात निषिद्ध आहेत आणि ते काढून टाकले जातात. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानकच प्रसिद्ध केले आहे. ते ऐच्छिक आहे, हे खरे. पण ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे आणि ती मात्र ऐच्छिक नाही. गूगलवर व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते; तिथे पाच खऱ्या ग्राहकांनी आपल्या शब्दांत लिहिलेले मला शंभर भाच्यांपेक्षा मोलाचे वाटते.

जाहिरातीच्या सूत्रात थोडे तथ्य आहे, एवढे मान्य करावे लागेल. सातारा आणि कराड एवढाच परिसर निवडून, सणाच्या आधी, थेट व्हॉट्सॲपवर चौकशी येईल अशी जाहिरात दिली तर थोड्या पैशांतही मागण्या येऊ शकतात. परंतु ‘आपोआप’ काहीही येत नाही, जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि नोंदणी नसलेल्या व्यावसायिकाला तो परत मिळत नाही, हे संदेशात कुठेच सांगितलेले नाही.

जीएसटीचे विधानही अर्धेच खरे आहे. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला वर्षाच्या चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात ई-कॉमर्स संकेतस्थळांवरूनही, काही अटींवर, नोंदणीविना विकता येते. मात्र करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर, हस्तकलेच्या वस्तूंसारखे काही अपवाद सोडता, उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते. साताऱ्याहून चंद्रपूरला मसाला पाठवायला हरकत नाही, पण कोल्हापूरच्या पलीकडे बेळगावला पाठवला की नियम बदलतो. ‘देशभर बिनधास्त विका’ या तीन शब्दांनी नेमका हा फरक पुसून टाकला आहे.

घरगुती पदार्थांना परवाना नाही म्हणजे काहीच लागत नाही, हे तर सरळसरळ चूक आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने छोट्या उत्पादकाला परवान्याऐवजी नोंदणीची सवलत दिली, पण नोंदणी आवश्यकच ठेवली, आणि २०११ च्या नियमांनी बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी तिचे शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये ठरवले. त्या नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक वेष्टनावर छापायचा असतो आणि त्याबरोबर घटकपदार्थही लिहायचे असतात. मेतकुटात गहू असतो. ज्याला गव्हाची बाधा होते त्याला ते पुडीवरच वाचायला मिळाले पाहिजे. मावशीने ही नोंदणी केव्हाच केली आहे, तिच्या गटातल्या काही जणींची अजून राहिली आहे. त्यांनी ९९९ रुपये या यादीवर घालवण्याआधी ती करून घ्यावी आणि पुड्यांवर नीट लेबले लावावीत.