तासाभरातली चूल आणि तिला जाणारे तडे

पानशेत-मुळशीकडे मुक्कामाला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: नदीतले गोटे आणा, शेतातली काळी माती लिंपा, मजबुतीला ओंजळभर सिमेंट घाला, तासाभरात चूल तयार. भिंत जाड केली की सरपण निम्मं लागतं आणि धूर तर होतच नाही म्हणे.

आधी गोटे. पाण्यात राहिलेल्या दगडाच्या भेगांत पाणी मुरलेलं असतं. जाळ लागला की त्याची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही की कपची उडते, आणि समोर बसलेल्याचा चेहरा नेमका त्याच उंचीवर असतो. वाघोलीकडच्या खाणींतला पांढऱ्या स्फटिकांचा दगडही नको. त्यातल्या झिओलाइट या खनिजाच्या घडणीतच पाणी असतं, ते उन्हात वाळवून जात नाही. भाजलेल्या विटा मिळाल्या तर प्रश्नच मिटला.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात, त्याच चुलीला पडणार. पण ती चिकट आहे, म्हणून पूर्ण टाकूही नका. तीन घमेली चाळलेला मुरूम, एक घमेलं काळी माती, अर्धं घमेलं शेण, अर्धं घमेलं बारीक चिरलेलं गव्हाचं काड. रात्रभर भिजवा, सकाळी पायाने तुडवा. हे माप सुरुवातीचं समजा, कारण माती दर दोन कोसांवर बदलते. आधी विटेएवढा एक गोळा थापून सावलीत वाळवा. तडकला तर मुरूम वाढवा. बोटाने भुगा पडला तर काळी माती वाढवा.

सिमेंटने मजबुती येते ती थंड असेपर्यंत. साधारण साडेचारशे अंशांपर्यंत त्यातला चुना फुटतो, आणि लाकडाचा जाळ त्याहून तापतो. पुढे पाऊस लागला की तो थर पोपडे धरून सुटतो. शिवाय सिमेंटची चूल पोतेऱ्याने दुरुस्त होत नाही, मातीची होते.

जाड भिंतीचं गणित उलटं आहे. तीस-चाळीस किलो माती तापवायला लागणारं लाकूड चहासाठीच जळतं. दिवसभर रांधणार असाल तर जाडी चालेल. दोन वेळच्या पिठलं-भाकरीला चार बोटं भिंत पुरे. सरपण वाचतं ते मापांमुळे. चोवीस सेंटिमीटरच्या पातेल्याला आतली पोकळी वीस, जळण घालायचं तोंड बारा रुंद, आणि जाळापासून बुडापर्यंत बारा ते पंधरा सेंटिमीटर. याहून कमी ठेवलं तर ज्वाळा थंड बुडाला लागून अर्धवट विझते आणि काजळी धरते. पंचवीसच्या पुढे गेलं तर धग वाऱ्यावर जाते. काठावर दीड सेंटिमीटरचे तीन उंचवटे हवेतच, नाहीतर पातेलं बसताच चूल गुदमरते.

आणि धूर? ओलं लाकूड कुठल्याही चुलीत धुरकटणार. खाली जाळी ठेवून हवा दिली, जळण मनगटापेक्षा बारीक चिरलं, तोंडात कोंबलं नाही, तर धूर बराच कमी होतो. ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या आरती संस्थेच्या ‘लक्ष्मी’ या सुधारित चुलीलाही धुराडं आहे ते उगीच नाही.

राहिला तो तास. लिंपायला तेवढा पुरतोही. वाळायला सावलीत आठ-दहा दिवस लागतात. त्यानंतर दोन-तीन दिवस फक्त काटक्यांचा मंद जाळ करायचा, मग पातेलं चढवायचं. ओल असताना मोठा जाळ केला तर पहिली भेग तोंडाच्या वरच्या कमानीला जाते. तिथेच बोटभर जास्त काड घालून लिंपा.