खाडा

2025 च्या उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडमध्ये पाच कसोटी खेळत होता, तेव्हा आमच्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर रोज रात्री एकच भांडण पेटायचं. बुमराह पाचही सामने का खेळत नाही? तो तीनच खेळेल हे दौऱ्याआधीच जाहीर झालं होतं. जानेवारीत सिडनीला त्याची पाठ पुन्हा धरली होती, शेवटच्या डावात त्याला चेंडू टाकता आला नव्हता, पुढे चॅम्पियन्स ट्रॉफीही बुडाली. म्हणून ही काळजी. तो लीड्स, लॉर्ड्स आणि मँचेस्टरला खेळला. बर्मिंगहॅम आणि ओव्हलला बसला, आणि भारताने नेमके तेच दोन सामने जिंकले. मग काय विचारता. "आयपीएलमध्ये बरी पाठ दुखत नाही." "देशाचं नाव काढलं की स्कॅन." "तो नसला की जिंकतोय, बसू दे घरात."

मी जर्मनीतल्या डॉर्टमुंडमध्ये बसून हे वाचत होतो. 2013 पासून इथे आहे. शहराच्या कडेला असलेल्या एका यंत्रांच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. कोल्हापूरचा असल्यामुळे फुटबॉलवेडं गाव म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्याला होणारी गर्दी पाहतच मोठा झालो. पण एका खेळाडूच्या न संपणाऱ्या दुखापतीसोबत अख्खं शहर बारा वर्षं कसं राहतं, हे मात्र मी इथेच पाहिलं.

त्या फुटबॉलपटूचं नाव मार्को रॉइस. जन्म डॉर्टमुंडचाच. किशोरवयात डॉर्टमुंडचा क्लब सुटला, आलेनच्या क्लबला गेला, ग्लाडबाख क्लबकडून नाव कमावलं आणि 2012 मध्ये घरी परतला. पुढची गोष्ट तारखांनीच सांगावी लागते. 6 जून 2014, माइन्झ, आर्मेनियाविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना. दुसऱ्या दिवशी संघ ब्राझीलला विश्वचषकासाठी उडणार होता आणि मध्यंतराच्या जरा आधी रॉइसचा डावा घोटा गेला. महिनाभराने जर्मनी जगज्जेती झाली तेव्हा संघातला मारियो ग्योट्झे हातात रॉइसची 21 नंबरची जर्सी धरून उभा होता. 2016 च्या युरो स्पर्धेतून त्याला वगळल्याची घोषणा 31 मे रोजी झाली, नेमकी त्याच्या वाढदिवशी; कारण जांघेची दुखापत. 27 मे 2017, बर्लिन, जर्मन कपची अंतिम लढत: डॉर्टमुंड जिंकलं, पण मध्यंतरालाच रॉइस बाहेर आला होता, गुडघ्याचं क्रूशिएट लिगामेंट अर्धवट फाटलेलं. मैदानावर परत यायला फेब्रुवारी 2018 उजाडला.

आणि 17 सप्टेंबर 2022. शाल्केविरुद्धचा सामना. आमच्याकडे पाटाकडील आणि शिवाजी तरुण या दोन मंडळांची झुंज असते तसा या भागातला तो सामना. एका सहकाऱ्याच्या वार्षिक पासवर मी त्या दिवशी दक्षिण स्टँडवर उभा होतो, जवळपास 25,000 माणसं उभ्याने सामना पाहतात त्या पिवळ्या भिंतीत. अर्ध्या तासाच्या आसपास रॉइस खाली पडला आणि घोटा धरून तिथेच राहिला. स्ट्रेचर आलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कतारचा विश्वचषक दोन महिन्यांवर आला होता. माझ्या शेजारच्या पांढऱ्या केसांच्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली आणि स्ट्रेचर बोगद्यात दिसेनासं होईपर्यंत ती हातातच धरली. त्या रांगेत कुणी "झालं पुन्हा याचं सुरू" असं म्हटलं नाही. त्या विश्वचषकालाही रॉइस मुकला.

इथे सगळेच साधुसंत आहेत असं मला म्हणायचं नाही. काचेचा माणूस, यावर कर्णधारपद कसं सोपवायचं, हे मीही बिअरच्या दुकानात ऐकलंय. 2021 मध्ये तो स्वतःहूनच युरोला गेला नाही. थकवणाऱ्या हंगामानंतर शरीराला सावरायला वेळ द्यायचा आहे, असं त्याने जाहीर केलं. तेव्हा देशाची जर्सी नाकारतो म्हणून नाक मुरडणारेही होते. पण त्याला खरंच दुखतंय का, हा प्रश्न बारा वर्षांत डॉर्टमुंडमध्ये मला क्वचितच ऐकू आला. पुढे काय, किती दिवस, त्याच्या जागी कोण, यावर वाद व्हायचे. दुखण्यावर नाही.

असं का, याचा मी बराच विचार केलाय. माझं उत्तर मैदानावर नाही, आमच्या कारखान्यात आहे.

2018 मध्ये माझ्या मणक्याची चकती सरकली. चार दिवस गोळ्या घेऊन मी कामावर जात राहिलो, कारण मला तेच शिकवलेलं. चौथ्या दिवशी साहेबांनी मला खुर्चीतून उठताना पाहिलं आणि त्याच क्षणी घरी पाठवलं. डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली. तिला तेव्हा सगळे पिवळा कागद म्हणायचे. आता हे काम थेट संगणकावरून होतं. त्या चिठ्ठीची जी प्रत कंपनीला जायची, तिच्यावर आजाराचं नावच नसायचं! कधीपासून कधीपर्यंत काम करू शकणार नाही, एवढंच. मला काय झालंय हे विचारायचा हक्क साहेबांना नाही. पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मालकाचा, त्यानंतर ढोबळ पगाराच्या 70 टक्क्यांच्या आसपास रक्कम आरोग्य विम्याकडून. एकाच आजारासाठी तीन वर्षांत 78 आठवड्यांची मर्यादा. परतलो तेही आधी रोज तीन तास, मग पाच, मग पूर्ण. अकरा आठवडे गेले. कुणी "आता बरा दिसतोस की" असं म्हटलं नाही. म्हणाले ते फक्त "गूटे बेसरुंग", लवकर बरा हो.

फुटबॉलपटूही इथे कायद्याने नोकरदारच. मैदानावर लिगामेंट फाटलं तर तो कामावरचा अपघात, आणि लेथवर बोट गेलेल्या कामगारासारखाच त्याचाही अपघात विमा सक्तीचा. दक्षिण स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाचं दुखणं त्याच्या मालकाने, विम्याने, सहकाऱ्यांनी कधी ना कधी मान्य केलेलं असतं. म्हणून त्याला रॉइसचं दुखणं मान्य करायला वेगळा मोठेपणा लागत नाही.

आता ग्रुपवर परत येतो. बुमराहवर सगळ्यात जास्त चिडणारा मित्र शाळेच्या मुलांची गाडी चालवतो. गाडी हप्त्यावर घेतलेली. डेंग्यूच्या तापात त्याने एक आठवडा कसाबसा घरी काढला, तर पालकांनी दुसरी गाडी बघायला सुरुवात केली. एका रात्री त्याने लिहिलं, "मला कोण देतं रे विश्रांती?" त्यावर ग्रुपवर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मीही नाही. बाकीच्या हजार मेसेजपेक्षा ते एक वाक्य खरं होतं. आमच्याकडे खाडा हा शब्द आहे. खाडा पडला की पैसे कापले. ताप असो, बाळंतपण असो, मयत असो, हजेरीच्या वहीत ते सगळं खाडाच. ज्याचं स्वतःचं दुखणं आयुष्यभर खाडा म्हणून मोजलं गेलं, त्याला कोट्यधीश गोलंदाजाची विश्रांती खाडाच वाटणार. त्याच्या रागाला मी मूर्खपणा म्हणणार नाही. पण राग चुकीच्या माणसावर निघतोय, हे मात्र त्याला सांगणार, आणि सांगितलंही. 2022 मध्ये पाठीसाठी टी-20 विश्वचषक सोडलेला, 2023 च्या मार्चमध्ये शस्त्रक्रिया करून ऑगस्टमध्ये परतलेला बुमराह 2024 च्या विश्वविजयात स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मधल्या त्या महिन्यांवाचून बार्बाडोसची ती रात्र आपल्याला मिळाली असती, असं मला वाटत नाही.

मी इतक्या तावातावाने का बोलतो, ते माझ्या दादामुळे. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. नव्वदच्या दशकात तो पेठेच्या टीमचा फॉरवर्ड होता. कुठली पेठ ते सांगत नाही. सांगितलं तर वाद त्याच्यावरच सुरू होईल. उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा पिळवटला. प्लास्टर घातलं. पाच आठवड्यांनी अंतिम सामना. आदल्या संध्याकाळी गल्लीतली दहा-बारा माणसं घरी आली. दादा सांगतो, "कोण दम द्यायला आलं नव्हतं रे. सगळी मायेनंच आल्याली. एकानं तर अंगाऱ्याची पुडी आणल्याली." पट्टी आवळून तो उतरला. वीस मिनिटं खेळला आणि एका वळणावर गुडघा निघाला तो कायमचा. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. टीम हरली. आठवड्याभरात कुजबूज सुरू झाली, की समोरच्यांकडून पैसे घेतले म्हणून लंगडला. मायेने आलेल्यांतलेच काही ती करत होते. गेली पंचवीस-तीस वर्षं दादा उद्यमनगरात लेथवर उभा राहतो, सगळा भार उजव्या पायावर टाकून.

18 मे 2024 ला रॉइस डॉर्टमुंडच्या मैदानावर शेवटचा खेळला, डार्मश्टाटविरुद्ध. त्याने फ्री किकवर गोल केला, सामना 4-0 असा संपला, आणि स्टेडियममधल्या सगळ्यांची बिअर त्याच्या खर्चाने होती. बारा वर्षांत 400 हून अधिक सामने झाले, पण लीगचं विजेतेपद एकदाही नाही. त्याला निरोप द्यायला अख्खं शहर पिवळं झालं होतं. मी तिकीट नसल्यामुळे एका पबच्या खिडकीत उभा होतो आणि दादाला व्हिडिओ कॉल लावला होता. फ्री किक बघून तो म्हणाला, "चेंडू बघ कसा वळीवला." मग विचारलं, "किती येळा मोडला म्हणालास ह्यो?" मी मोजून सांगितलं. फोनवर बराच वेळ फक्त लेथचा आवाज येत राहिला.

जर्मनीचं कौतुक करून थांबणं मला पटत नाही. इथेही हवा बदलते आहे. आजारपणाच्या रजा वाढल्या म्हणून ओरड सुरू आहे, आणि 2025 च्या सुरुवातीला एका बड्या विमा कंपनीच्या प्रमुखाने आजारपणाच्या पहिल्या दिवसाचा पगारच देऊ नये असं सुचवलं. हा खाडाच, जर्मन भाषेतला. तसं झालं तर दहा-वीस वर्षांत दक्षिण स्टँडची भाषाही बदलेल अशी मला भीती वाटते.

आणि कोल्हापुरात जे करता येण्यासारखं आहे, ते फार अवघड नाही. आपल्याकडच्या स्पर्धांची बक्षिसं आता लाखांत गेलीत. प्रत्येक स्पर्धेच्या रकमेतून खेळाडूंचा अपघात विमा आधी काढावा आणि मग चषकाला चांदी लावावी. लिगामेंटच्या ऑपरेशनसाठी पोरांना गल्लीत वर्गणी मागत फिरावं लागतं, हे मला लाजिरवाणं वाटतं. दुखापत झालेल्या पोराला हंगामभर मानधन चालू ठेवावं. मंडळांना हे परवडत नाही असं कुणी म्हटलं, तर त्यांनी डॉल्बीचा हिशोब समोर ठेवावा.

दादाचा मुलगा आता खेळतो. यंदा हंगामाच्या ऐन मध्यात त्याचा गुडघा गेला, बापाचा गेला तोच, डावा. ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांत मंडळाची माणसं घरी आली, मोठा सामना तोंडावर होता. दादाने सगळ्यांना बसवलं, वहिनींनी चहा केला. एकाने रिपोर्ट बघू म्हणून हात पुढे केला. दादाने कागद घडी घालून खिशात ठेवला.

"नऊ महिनं," म्हणाला. "च्या घ्या."