प्लेटलेट्सची पिशवी बर्फात ठेवू नका

डेंग्यूचे दिवस आले की आमच्या रक्तपेढीच्या काउंटरवर नातेवाइकांबरोबर एक मेसेजही येतो. दरवर्षी तोच. मजकूर थोडक्यात असा: रक्तपेढीवाले प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) फ्रीजमध्ये ठेवत नाहीत, बाहेरच हलवत ठेवतात, म्हणून त्या पाच दिवसांत खराब होतात, एका दात्याच्या पिशवीचे दोन भाग करून दुप्पट पैसे उकळतात, पिशवीत काय भरलंय ते कुणाला कळत नाही, टंचाई दाखवायला पिशव्या फेकून देतात. तेव्हा रक्तातल्या प्लेटलेट्सचा आकडा, म्हणजे काउंट, लाखाखाली गेला की लगेच प्लेटलेट्स चढवून घ्या आणि पिशवी बर्फात घालून न्या.

शेवटचा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून सुरुवात तिथूनच. मागच्या पावसाळ्यात एक काका थर्माकोलचा डबा घेऊन आले. तळाशी बर्फाचा चुरा, आणि वासावरून डबा मासळीबाजारातून आलेला. "यातच ठेवा मॅडम, गरम होईल." मी बर्फ काढायला लावला तेव्हा त्यांना वाटलं, ही बाई कामचुकार आहे.

लाल पेशी २ ते ६ अंशांत राहतात, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, उणे ३० च्या खाली गोठवतात. प्लेटलेट्सचं गणितच उलटं. त्यांना २० ते २४ अंश लागतात. ताटलीसारखी चपटी असलेली ही पेशी गारठली की गोल होते, अंगाला काटे फुटतात, आणि रुग्णाच्या शरीरात गेल्यावर यकृत तिला भराभर गाळून टाकतं. पूर्वी त्या थंडच ठेवत असत. १९६९ मध्ये मर्फी आणि गार्डनर या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं की खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या प्लेटलेट्स रुग्णाच्या रक्तात जास्त काळ टिकतात, आणि पद्धत बदलली. अमेरिकेत २०२३ पासून थंड साठवलेल्या प्लेटलेट्सना मुभा आहे हे खरं, पण ती चालू रक्तस्राव थांबवण्यासाठी, नेहमीच्या प्लेटलेट्स मिळत नसतील तेव्हा. डेंग्यूच्या वॉर्डात नेताना घातलेल्या बर्फाशी तिचा संबंध नाही.

आता हलवण्याचं. ज्याला मेसेजवाले "बाहेर" म्हणतात तो तापमान नियंत्रित असलेला कपाटासारखा इन्क्युबेटर आहे. आतल्या जाळीच्या ट्रे रात्रंदिवस पुढे-मागे सरकत असतात, पाळण्यासारख्या. प्लेटलेट्स जिवंत असतात, श्वास घेतात. पिशवीचं प्लास्टिकही खास असतं, त्यातून ऑक्सिजन आत येतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. पिशवी एका जागी पडून राहिली की पेशी तळाशी बसतात, हवा पुरत नाही, लॅक्टिक आम्ल साचतं आणि पेशी मरू लागतात. दवाखान्यापर्यंतच्या प्रवासात हलवणं थांबलं तर बिघडत नाही. मात्र वॉर्डात पोचल्यावर ती फ्रीजमध्ये न टाकता लगेच चढवायची.

पाच दिवसांच्या मुदतीचं कारणही हेच ऊबदार तापमान. आपल्याला सुखावह हवा जंतूंनाही सुखावह. अमेरिकेत १९८४ मध्ये मुदत सात दिवस केली होती, जंतुसंसर्गाच्या घटना दिसल्यावर १९८६ मध्ये पुन्हा पाचवर आणली.

"दोन भाग करतात." हो, करतो. पण कोणत्याही पिशवीचे नाही. यंत्रावर एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट्सच्या (एसडीपी, म्हणजे सिंगल डोनर प्लेटलेट्स) पिशवीत किमान ३०,००० कोटी प्लेटलेट्स असाव्या लागतात. दात्याचा स्वतःचा काउंट चांगला असेल तर एका बैठकीत ६०,००० कोटींच्या वर मिळतात. तेव्हाच दोन पिशव्या होतात. दुसरी पिशवी म्हणजे दुधात घातलेलं पाणी नव्हे, ती स्वतः पूर्ण मात्रा असते. पिशवी काट्यावर ठेवायची, रिकाम्या पिशवीचं वजन वजा करायचं, उरलेल्या ग्रॅमना १.०३ ने भागायचं की मिलिलिटर मिळतात. मोजणी आणि आकारमान जुळलं तरच वाटणी. तान्ह्या बाळाला मात्र वजनाप्रमाणे थोडंसंच लागतं. त्याच्यासाठी छोट्या पिशवीची नळी मोठीच्या नळीला यंत्रावर तापलेल्या पात्याने जोडतात, आतल्या द्रवाला हवा लागत नाही आणि उरलेल्या पिशवीची मुदत तशीच राहते. तेच सुई टोचून काढलं तर उरलेलं काही तासांत वापरावं लागतं, नाहीतर बाद.

पैशांचा प्रश्न मात्र रास्त आहे. कायद्याने रक्ताची किंमत घेता येत नाही, फक्त प्रक्रिया शुल्क घेता येतं. यंत्राला लागणारा पिशव्या-नळ्यांचा महागडा किट एकच वापरला आणि दोन रुग्णांकडून पूर्ण शुल्क घेतलं, तर जाब विचारायलाच हवा. पावती मागा, हिशेब मागा.

"पिशवीत काय ते कळत नाही." या भीतीला आधार आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रयागराजला डेंग्यूच्या रुग्णाला प्लेटलेट्सऐवजी मोसंबीचा रस चढवल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. रुग्ण दगावला होता. पुढे तपासणीत तो रस नसून नीट न साठवलेल्या प्लेटलेट्स असल्याचं प्रशासनाने सांगितलं. त्याच सुमारास प्लाझ्माच्या पिशव्यांवर प्लेटलेट्सची लेबलं लावून विकणारी टोळीही तिथे पकडली गेली. रंगावरून फरक कळत नाही, दोन्ही पिवळसरच. आम्ही पिशवी ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच हलवतो. पेशी चपट्या आणि धडधाकट असतील तर उथळ पाण्यात अभ्रकाची वाळू चमकावी तशी झिलई फिरताना दिसते. गारठलेल्या पिशवीत ती दिसत नाही, नुसत्या प्लाझ्मातही नाही. पुढच्या वेळी काउंटरवर दाखवायला सांगा, मला तरी राग येणार नाही.

लाखाच्या आकड्याबद्दल थोडक्यात: डेंग्यूत रक्तस्राव नसेल तर काउंट साधारण १०,००० च्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट्स चढवण्याची गरज नसते. मोठा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा असतो, म्हणून डॉक्टर हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, द्रव झिरपला की ते वाढतं) बघत बसतात आणि आपल्याला वाटतं, हे काहीच करत नाहीत.

राहिलं फेकण्याचं. फेकतो, लपवण्यासारखं काही नाही. सोमवारी काढलेली पिशवी शनिवारी मध्यरात्री बाद. १५ ऑगस्टला शिबिरांतून ढीगभर रक्त येतं, प्लेटलेट्स वेगळ्या होतात, आणि सगळ्यांची मुदत एकाच रात्री संपते. गेल्या वर्षी २० तारखेच्या मध्यरात्री मी अकरा पिशव्या बाद केल्या, बहुतेक एबी गटाच्या. २३ ला दुपारी बी पॉझिटिव्हच्या चार हव्या होत्या, तेव्हा ट्रेवर दोनच हलत होत्या.