पेरणी खोल झाली असंल

दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या सोयाबीनच्या चार बॅगांतलं निम्मं बियाणं उगवलंच नाही. दुकानदारानं कंपनीचा माणूस बोलावला. बूट मळू नयेत म्हणून तो बांधावरूनच रान बघून म्हणाला, "पेरणी खोल झाली असंल. ओलही कमी वाटायलीय." बियाणं चांगलं होतं, असं तो एकदाही म्हणाला नाही. त्याला ते सिद्ध करायचंच नव्हतं. आमचे तात्या (माझे चुलते, चाळीस वर्षं पेरतायत) रात्रभर आठवत बसले, फण किती खाली गेला होता. दुबार पेरणीचा खर्च अर्थात आमचा.

हवामान बदल हे थोतांड आहे, असला फॉरवर्ड आला की मला तो बांधावरचा माणूस दिसतो.

एक्सॉन ही अमेरिकेतली बलाढ्य तेल कंपनी. १९७७ साली तिच्याच जेम्स ब्लॅक नावाच्या शास्त्रज्ञानं वरिष्ठांना सांगितलं होतं की कोळसा-तेल जाळून हवेत कार्बन डायऑक्साइड साठतोय आणि त्यानं पृथ्वी तापणार. पुढं कंपनीच्या लोकांनी किती तापणार याची आकडेमोडही केली. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तिची तपासणी छापून आली. बहुतेक अंदाज बरोबर निघाले होते. म्हणजे उगवण चाचणीचा रिपोर्ट घरात होता आणि बाहेर सांगत होते, अजून नक्की काही म्हणता येत नाही. १९९८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल कंपन्यांच्या संघटनेनं जमवलेल्या मंडळींनी तर आराखडाच केला. सामान्य माणसाला हवामानशास्त्रातली अनिश्चितता 'समजली' की आपण जिंकलो, असं त्यात लिहिलंय. ही युक्तीही उसनीच. 'शंका हाच आपला माल' हे १९६९ मध्ये एका सिगारेट कंपनीच्या कागदात लिहिलेलं आहे.

तो माल आता आमच्या पारावर पोचलाय. आणणारे अडाणी नाहीत, हे मुद्दाम सांगतो. कॉलेजच्या ग्रुपवर असले व्हिडिओ टाकणारा माझा मित्र इंजिनिअर आहे. तात्यांना उलट सगळं दिसतं. मृगाचा भरवसा राहिला नाही, तीन-तीन आठवडे खंड पडतो आणि मग महिन्याचा पाऊस एका रात्रीत येतो, हे त्यांनी मला शिकवलं, मी त्यांना नाही. पण कारण विचारलं की म्हणतात, "कलियुग हाय बाबा. आमी बहात्तर बघितलाय." बहात्तरचा दुष्काळ खराच. पण त्यात पाऊस नव्हता. गेल्या दहा-बारा वर्षांत आपण दोन्ही टोकं बघितली: २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, सिंदफणा काठची रानं खरवडून गेली. हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि मग धरलेलं एकदम सोडते. मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर पडणारा असा अतिमुसळधार पाऊस १९५० पासून २०१५ पर्यंत तिप्पट झाला, हे पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी कोल यांच्या अभ्यासात आलंय. आणि परळीचं औष्णिक केंद्र? २०१३ ला पाण्याअभावी कोळशाचं ते केंद्रच बंद ठेवावं लागलं होतं. यावर आणखी काय बोलायचं.

आता दुसरी बाजूही बोलतो, नाहीतर कमेंटमध्ये याल. आपले पुढारी हवामान बदल नाकारत नाहीत. ते तो पांघरून घेतात. ओढे बुजवून प्लॉट पाडले, नदीतली वाळू उपसली, दुष्काळी भागात ऊस वाढवला, आणि पाणी घरात शिरलं की "निसर्गापुढं कुणाचं चालतं?" हेही बांधावरूनच बोलणं. फक्त बूट जास्त महाग.

पुराचं पाणी ओसरल्यावर, शेंगेतच कोंब फुटलेलं सोयाबीन बघून आल्यावर, मी तात्यांना ती १९७७ ची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे त्यांच्या घरात पावती सापडली म्हण की."

"हो."

"मग कुणी केस केली का न्हाई?"

मी म्हटलं, केली. पेरू देशातल्या एका शेतकऱ्यानं. हिमनदी वितळून त्याच्या गावाला पुराचा धोका झाला, म्हणून त्यानं जर्मनीच्या आरडब्ल्यूई या वीज कंपनीवर २०१५ ला दावा लावला.

"मग?"

"२०२५ ला निकाल लागला. धूर सोडणारी कंपनी तत्त्वतः जबाबदार धरता येते, असं कोर्टानं मान्य केलं. पण दावा फेटाळला."

"धा वर्सं? आन् हारला?"

"हारला."

तात्यांनी टोपी झटकली. "तलाठी उद्या येतो म्हणालाय. सात-बारा आन् आधारची झेरॉक्स काढून ठिव. आन् त्या पेरूवाल्याचं पुढं काय झालं तर सांग मला."